विहिरीतला धूर आणि डॉ. हाल्डेन

मार्च उलटला की गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धानाच्या बांध्यांना पाण्याची ओढ लागते. तलावांचा जिल्हा म्हणून नाव असले, तरी प्रत्येक बांधीपर्यंत मामा तलावाचे किंवा इटियाडोहचे पाणी पोहोचत नाही. मग भिस्त विहिरीवर, बोडीवर नाहीतर जवळच्या नाल्यावर. वीज नसेल त्या वेळी पेट्रोलवर किंवा केरोसिनवर चालणारे छोटे इंजिन कामाला येते. दोघांनी उचलून नेता येते, दोरी ओढली की सुरू होते आणि बांधीत पाणी पडू लागते.

या इंजिनपंपाला एक मर्यादा आहे. काठावर ठेवलेला पंप नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब हिशेबाने सुमारे १० मीटर आणि प्रत्यक्षात ६-७ मीटरपर्यंतच पाणी चढवू शकतो. पातळी त्याखाली गेली की पंप नुसताच फिरतो. अशा वेळी सुचणारा सोपा उपाय म्हणजे इंजिनच दोरखंडाने विहिरीत सोडायचे आणि मधल्या टप्प्यावर किंवा फळीवर ठेवायचे. पाणी येते. धूर मात्र विहिरीतच राहतो. काही वेळाने पेट्रोल संपते, इंजिन थांबते आणि टाकी भरायला कोणीतरी खाली उतरतो. घात होतो तो इथे.

जून २०२३ मध्ये तिरोडा तालुक्यातील सरांडी गावात विहिरीत उतरलेल्या चार जणांचा एकामागोमाग गुदमरून मृत्यू झाला. मोटारपंपाच्या कामासाठी एक उतरला आणि त्याला वाचवायला बाकीचे गेले. विहिरीत साचणारे वायू ठिकठिकाणी वेगळे असतात. काही विहिरींत ते आपोआप साचतात, काहींत इंजिन सोडून आपणच ते भरतो. पण एक उतरला, तो हाकेला ओ देत नाही, म्हणून दुसरा उतरला, ही साखळी सगळीकडे सारखीच असते.

ही साखळी अशी का घडते, धडधाकट माणसाला खाली उतरताना धोक्याची जाणीव का होत नाही, याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने शोधले. त्यासाठी त्याने तो विषारी वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला. त्याचे नाव डॉ. जॉन स्कॉट हाल्डेन.

घराघरांतली हवा मोजणारा डॉक्टर

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि नामवंत होते. त्यांचे थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चान्सलर झाले. जॉन यांनी एडिनबरो विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. दवाखाना थाटून बसण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. माणूस आजारी पडल्यावर औषध देण्याआधी तो कोणती हवा श्वासात घेतो हे पाहावे, अशी त्यांची धारणा होती.

पहिले काम त्यांनी डंडी या गिरण्यांच्या शहरात केले. प्राध्यापक टॉमस कार्नेली यांच्याबरोबर ते कामगारांच्या एकखोली घरांत रात्री जात आणि झोपलेल्या माणसांभोवतीच्या हवेचे नमुने बाटल्यांत भरून आणत. शाळांच्या वर्गांतली आणि गटारांतली हवाही त्यांनी तपासली. १८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला आपले मामा, शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन-सँडरसन यांच्या विभागात रुजू झाले. १८९१ मध्ये लुइसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन अपत्ये झाली. थोरला मुलगा जे. बी. एस. हाल्डेन हा जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ झाला आणि मुलगी नेओमी लेखिका झाली.

ऑक्सफर्डच्या घरातच हाल्डेन यांनी प्रयोगशाळा मांडली होती. तिथे हवाबंद खोली होती आणि तिला काचेची खिडकी होती. हाल्डेन आत जाऊन वेगवेगळ्या वायूंचे मिश्रण श्वासात घेत आणि बाहेरून कोणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवी. मुलांनाही या कामाची लहानपणापासून सवय झाली होती. दुसऱ्या माणसावर प्रयोग करण्याआधी तो स्वतःवर करायचा, हा त्यांचा नेम त्यांनी आयुष्यभर पाळला.

खाणीत मृत्यू कशाने येतो?

त्या काळी ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणींत वारंवार स्फोट होत. एकेका स्फोटात डझनावारी, कधी शेकड्यांनी माणसे मरत. स्फोटाच्या धक्क्याने आणि आगीने ती मरतात, असाच सर्वांचा समज होता. २७ जानेवारी १८९६ रोजी दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. सरकारने तपासासाठी हाल्डेन यांना पाठवले. ते खाणीत उतरले, मृतदेह पाहिले, रक्ताचे नमुने घेतले.

त्यांना दिसले ते वेगळेच होते. बहुतेकांच्या अंगावर जीव जाईल अशी जखम नव्हती. स्फोटाच्या जागेपासून दूर, आगीची झळही न लागलेली माणसे मेली होती. त्यांची त्वचा गुदमरलेल्या माणसासारखी निळी पडलेली नव्हती. उलट ती गुलाबी, तजेलदार दिसत होती. रक्त चेरीच्या फळासारखे लालभडक होते. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण होती. स्फोटात कोळशाची धूळ अर्धवट जळते, त्यातून हा वायू तयार होतो आणि खाणीच्या बोगद्यांतून पसरतो. स्फोटातून वाचलेली माणसे बाहेर पडण्यासाठी चालू लागत आणि वाटेत याच वायूने कोसळत. आपल्या अहवालात हाल्डेन यांनी हे आकड्यांनिशी मांडले आणि खाणीतील बचावकार्याचा सगळा विचार बदलला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन हा पदार्थ फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतो आणि शरीरभर पोहोचवतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले, तरी तो हळूहळू रक्तातील जागा बळकावत जातो. फुप्फुसे चालू असतात, हृदय चालू असते, हवेत ऑक्सिजनही भरपूर असतो, पण तो वाहून नेणारे वाहनच दुसऱ्याने अडवलेले असते.

स्वतःच्या रक्तावरचा प्रयोग

टायलर्सटाउनच्या आधीच्या वर्षी, १८९५ मध्ये, हाल्डेन यांनी हा वायू स्वतःवर अजमावून पाहिला होता. हवेत त्याचे मोजके प्रमाण मिसळून ते श्वासात घेत आणि ठरावीक अंतराने बोटातून रक्ताचा थेंब काढत. रक्तात किती कार्बन मोनॉक्साइड आहे हे मोजायला तेव्हा यंत्र नव्हते. त्यांनी कारमाइन या लाल रंगाचे द्रावण वापरून रक्ताच्या छटेची तुलना करण्याची साधी पद्धत बसवली. रक्तातील निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन या वायूने व्यापेपर्यंत त्यांनी प्रयोग ताणला.

त्यात जे आढळले ते इंजिन वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. बराच वेळ त्यांना विशेष काही जाणवले नाही. नंतर डोके दुखू लागले, नजर अंधुक झाली, विचार अडखळू लागले, अक्षर बिघडले. बसून होते तोवर ठीक वाटत होते, पण उठून चार पावले टाकताच पाय लटपटले. याचा अर्थ असा की, आपल्याला काहीतरी होते आहे हे कळण्याची बुद्धीच आधी मंदावते आणि बाहेर पडायचे ठरवले तर पायातले बळ आधीच गेलेले असते. विहिरीतील माणसाला शिडी किंवा दोर चढून वर यायचे असते. ते श्रमच त्याला खाली पाडतात.

घरच्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. एका खाणीच्या पाहणीनंतर हाल्डेन यांनी आपण सुखरूप असल्याची तार घरी केली. मग पुन्हा तशीच केली, आणि पुन्हा. आधीची तार पाठवल्याचे त्यांच्या लक्षातच राहत नव्हते. या वायूवर जगात सर्वाधिक अभ्यास असलेल्या माणसाच्याही मेंदूला त्याने असे गुंगवले होते. मला कळेल, त्रास झाला तर मी लगेच वर येईन, असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट आठवावी.

हाल्डेन यांनी आणखी एक पाहिले. लहान प्राण्यांचा श्वास जलद असतो, त्यामुळे वायूचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या कितीतरी आधी दिसतो. उंदीर कोसळल्यानंतरही माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. म्हणून खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा असे त्यांनी सुचवले. त्यातूनच खाणकामगारांच्या हातातला कॅनरी पक्ष्याचा पिंजरा आला. ब्रिटनच्या खाणींत तो १९८६ पर्यंत टिकला. त्यानंतर त्याची जागा वायूमापक यंत्राने घेतली.

कंदील काय सांगतो आणि काय सांगत नाही

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून पाहण्याची पद्धत आहे. ज्योत विझली तर उतरायचे नाही. ही पद्धत खाणकामगारांकडेही होती आणि हाल्डेन यांनी तिचीही परीक्षा घेतली.

खाणीच्या जुन्या, बंद भागात साचणाऱ्या एका हवेत दिवा विझत असे. ती हवा म्हणजे काय हे त्यांनी पृथक्करण करून दाखवले. तो वेगळा गूढ वायू नव्हता. ऑक्सिजन खर्च होऊन मागे उरलेला नायट्रोजन आणि त्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड, एवढेच ते होते. आपल्या पडीक विहिरींत पालापाचोळा कुजून असाच प्रकार होतो. हवेतील ऑक्सिजन साधारण १७ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते आणि त्या प्रमाणात माणूस अजून शुद्धीवर असतो. म्हणून या धोक्यापुरता कंदील उपयोगी पडतो.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र तो फसवतो. हवेत हजारात दोन भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर तासा-दोन तासांत माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि त्याच हवेत कंदील शांतपणे जळत राहतो. विहिरीत इंजिन चालवलेले असेल तर जळता कंदील खोटा धीर देतो. शिवाय तिथे पेट्रोल सांडले असेल तर तोच कंदील आगीचे कारण ठरतो.

श्वासाचा इशारा कोणत्या वायूला?

१९०५ मध्ये हाल्डेन यांनी जॉन प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर आणखी मूलभूत शोध लावला. आपण श्वास किती जोराने घ्यावा हे शरीर कशावरून ठरवते? ऑक्सिजन कमी झाला की श्वास वाढतो, असे सहज वाटते. हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले की, रोजच्या जगण्यात हा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. फुप्फुसातील त्याचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी मेंदू श्वास वाढवतो आणि आपल्याला गुदमरल्यासारखे वाटू लागते.

विहिरीतल्या साखळीचे उत्तर या शोधात आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखाच बाहेर टाकला जात असतो. त्यामुळे शरीराची धोक्याची घंटा वाजतच नाही. दम लागत नाही, छाती भरून येत नाही, खोकला येत नाही. वरून पाहणाऱ्यालाही खाली काही भयंकर दिसत नाही. माणूस निवांत बसल्यासारखा दिसतो. चक्कर आली असेल असे वाटून भाऊ उतरतो, मग शेजारी उतरतो. खाली गेलेला प्रत्येक जण धीट आणि प्रेमळ असतो. शरीरात या वायूसाठी इशारा देण्याची सोयच नसल्याने त्याच्या धीटपणाला अडवणारे काही नसते. तो अडथळा नियमाने आणि वर उभ्या असलेल्या माणसांनीच उभा करावा लागतो.

खाणीतून रस्त्यावर

हाल्डेन यांचे काम इथे थांबले नाही. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्यांचे सांधे का आखडतात आणि त्यांनी टप्प्याटप्प्याने कसे वर यावे, याची कोष्टके त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. १९१५ मध्ये जर्मन फौजांनी पहिल्या महायुद्धात विषारी वायू सोडला, तेव्हा तो क्लोरीन असल्याची खात्री करण्यासाठी त्यांनाच फ्रान्सला पाठवण्यात आले.

१९११ मध्ये उंचावरील विरळ हवेचा अभ्यास करण्यासाठी ते अमेरिकेतील पाइक्स पीक या पर्वतावर गेले. त्या तुकडीत येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखालून मोटारींसाठी लांब बोगदा खोदायचे ठरले. शेकडो पेट्रोल इंजिनांचा धूर बंद बोगद्यात कोंडला तर काय होईल, हा प्रश्न आला. उत्तर शोधण्याचे काम हेंडरसन यांच्याकडे गेले. त्यांनी हाल्डेन यांच्याच रीतीने स्वयंसेवकांना बंद खोलीत बसवून प्रयोग केले. तासाभराच्या प्रवासासाठी दहा हजार भाग हवेत कार्बन मोनॉक्साइडचे चार भाग, ही मर्यादा त्यांनी ठरवली. १९२७ मध्ये हॉलंड बोगदा खुला झाला तेव्हा त्याला ८४ पंखे होते आणि आतली सगळी हवा दर ९० सेकंदांनी बदलत होती.

इंजिनाचा धूर कोंडलेल्या जागेत माणसाने सुरक्षित राहायचे तर इतकी व्यवस्था लागते. आपल्या विहिरीला एकही पंखा नसतो. छोट्या इंजिनाला मोटारगाडीसारखे धूर शुद्ध करणारे उपकरणही सहसा नसते. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड काही टक्के इतका असू शकतो. हाल्डेन यांचे पाय लटपटवणारे प्रमाण एक टक्क्याचा पाचवा हिस्सा होते, हे लक्षात घेतले म्हणजे विहिरीत, बंद गोठ्यात किंवा शटर ओढलेल्या दुकानात चाललेले इंजिन किती वेगाने हवा विषारी करते याचा अंदाज येईल. दार किंवा खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागते, हाही गैरसमज आहे. पावसाळ्यात वीज गेल्यावर ओसरीत चालवलेल्या जनरेटरचा धूर त्याच दारातून आत येतो.

टाकी भरताना

इंजिनाचा दुसरा धोका इंधनाचा. त्यासाठीही हाल्डेन यांच्या घरातली एक गोष्ट उपयोगी आहे. मुलगा लहान असताना ते त्याला एका खाणीत घेऊन गेले. एका बुटक्या जागी छताजवळ ज्वलनशील मिथेन वायू साचला होता. वडिलांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील मार्क अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोडे म्हणून होताच मुलाला धाप लागली, पाय गळाले आणि तो खाली पडला. जमिनीलगतची हवा चांगली होती, त्यामुळे पडल्या पडल्या तो सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला.

पेट्रोलची वाफ याच्या नेमकी उलट वागते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. टाकीतून निघालेली वाफ जमिनीलगत सरकत जाते, खोलगट जागेत साचते आणि काही फूट लांब असलेल्या चुलीपर्यंत, विडीपर्यंत किंवा बटणाच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या हवामानात ते बारा महिने धोकादायक असते. केरोसिनची ही मर्यादा ३५ अंशांपासून पुढे येते, म्हणून ते सुरक्षित समजले जाते. पण मे महिन्यात पारा ४५ कडे झुकतो तेव्हा केरोसिनही भोळे राहत नाही.

म्हणून टाकी भरण्याआधी इंजिन बंद करावे आणि सायलेन्सर गार होऊ द्यावा. त्यासाठी किमान १०-१५ मिनिटे थांबावे. इंधन भरायचे ते उघड्यावर, नरसाळ्याने, टाकी काठोकाठ न भरता. उन्हाने पेट्रोल फुगते आणि त्याला जागा लागते. सांडले तर पुसून, इंजिन काही पावले दूर नेऊन मगच दोरी ओढावी. पंपावरून पेट्रोल आणायचे ते त्यासाठीच बनवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले पेट्रोल एखादे तहानलेले पोर पिऊन टाकते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय तर कायमची सोडावी. घोटभर इंधन श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला गंभीर सूज येते. कोणी चुकून इंधन प्यालेच तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. थेट रुग्णालयात न्यावे.

देखभाल हीसुद्धा आरोग्याची गोष्ट

पेट्रोलला पुरेशी हवा मिळाली तर ते जवळपास पूर्ण जळते. हवा कमी पडली की ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. टायलर्सटाउनच्या खाणीत कोळशाच्या धुळीचे जे झाले, तेच इथे पेट्रोलचे होते. धान कापणीच्या दिवसांत धूळ आणि कोंड्याने एअर फिल्टर तुंबतो. तो तुंबला की इंजिन काळा धूर ओकते, पेट्रोल जास्त पिते आणि विषही जास्त सोडते. त्यामुळे फिल्टर वेळोवेळी झटकून किंवा धुऊन, वाळवून बसवावा, प्लगवरची काजळी काढावी, कार्बोरेटर जाणकार मिस्त्रीकडून नीट लावून घ्यावा. टू-स्ट्रोक यंत्रात तेलाचे प्रमाण यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढेच ठेवावे. ग्रासकटरच्या पात्यात अडकलेले गवत काढण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवावी, म्हणजे इंजिन अवचित सुरू होणार नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये. उत्तम निगा राखलेले इंजिनही विहिरीत चालवण्याइतके निर्धोक कधीच होत नाही.

वर थांबणाऱ्यांचे धैर्य

पाणी ६-७ मीटरच्या खाली गेले की काठावरच्या इंजिनपंपाचे काम संपले असे समजावे. पुढचे काम पाण्यात बुडून चालणाऱ्या विजेच्या किंवा सौर पंपाचे. इंजिन चालवलेल्या विहिरीत, ते बंद होऊन कितीही वेळ झाला असला तरी, हवा यंत्राने तपासल्याशिवाय उतरू नये. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेइतकेच असते. तो आपणहून बुडत नाही की उडून जात नाही, आणि वारा नसलेल्या खड्ड्यात तो तासन्‌तास राहू शकतो.

कोणी आत कोसळलाच तर दुसऱ्याने उतरू नये. सगळ्यात कठीण सल्ला हाच आहे, कारण खाली आपला माणूस असतो. उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असेल आणि वर दोन माणसे उभी असतील, तर त्याला ओढून घेता येते. म्हणून दोर बांधल्याशिवाय कोणत्याही कारणासाठी विहिरीत जाऊ नये. दोर नसेल तर अग्निशमन दलाला आणि १०८ क्रमांकाला तातडीने कळवावे. श्वसनयंत्र लावलेला माणूसच खाली जाऊ शकतो. बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत झोपवावे, श्वास बंद असेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्यावा आणि शक्य तितक्या लवकर ऑक्सिजन मिळेल अशा ठिकाणी हलवावे. शुद्ध ऑक्सिजन हिमोग्लोबिनवरचा कार्बन मोनॉक्साइड हटवतो. अधिक दाबाच्या ऑक्सिजनने या विषबाधेतूनही प्राणी जगू शकतात, हे हाल्डेन यांनी १८९५ मध्येच उंदरांवर दाखवले होते.

इथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते आणि तो ९८ असा आकडा दाखवू शकतो. आकडा चांगला दिसला म्हणून रुग्णाला घरी ठेवू नये. इंजिन कुठे चालत होते आणि किती वेळ चालत होते, ते डॉक्टरांना सांगावे. इंजिनाजवळ काम करणाऱ्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवली तर ती उन्हाची म्हणून सोडून देऊ नये. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर अजिबातच नाही, कारण पोटातील बाळाला या वायूचा धोका अधिक असतो.

हाल्डेन यांना १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. वयाच्या पंच्याहत्तरीत ते इराणला गेले. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामगारांना उष्माघात होत होता, त्याची कारणे त्यांना पाहायची होती. परतल्यावर न्यूमोनियाने मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. आयुष्यभर हवेचा अभ्यास करणारा हा माणूस श्वासाच्या आजारानेच गेला. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तला. प्रयोग आधी स्वतःवर करण्याचा वडिलांचा नेम त्यानेही पाळला होता.

हाल्डेन बाप-लेकांनी हा धोका स्वतःच्या अंगावर घेतला, तो इतरांना घ्यावा लागू नये म्हणून. यंदाच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाईल आणि इंजिन आत सोडायचा विचार कोणाच्या तरी मनात येईल. त्या वेळी काठावर उभ्या असलेल्यांपैकी एकाने जरी दोरखंड हातात घेऊन नाही म्हटले, तरी एका घराची चूल विझायची वाचेल.